अर्धी भरलेली तांबडी पेशी

मित्रांनो, मी एक जुनी तांबडी रक्तपेशी आहे. जुनी म्हणजे किती, तर एकशे एकोणीस दिवसांची. हसू नका! आमच्यात शंभरी उलटली की म्हातारपण, आणि एकशे वीसच्या आसपास गाशा गुंडाळायचा. सध्या मी प्लीहेच्या दारात रांगेत उभी आहे. प्लीहा म्हणजे पोटाच्या डाव्या अंगाला, बरगड्यांखाली असलेला एक मऊ अवयव. थकलेल्या पेशी तिथे मोडीत काढतात. माझ्यापुढे अजून बऱ्याच जणी आहेत. तेवढ्या वेळात मला सगळं सांगून टाकायचं आहे, कारण माझं डोकं फार तापलं आहे. मला डोकं नाही हे मलाही ठाऊक आहे, तरी तापलं आहे.

मी मंजुश्रीच्या अंगात राहते. मंजुश्री वीस वर्षांची, साखरखेर्ड्याची. बाजाराच्या रस्त्यावर तिच्या आईचं, म्हणजे जनकाबाईचं, चहा-पोह्याचं हॉटेल आहे. हॉटेल कसलं, वर पत्रे, पुढे दोन बाकडी आणि मागे राहायच्या दोन खोल्या. वडील माणिकराव दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवतात. मंजुश्रीला पोलिसात भरती व्हायचं आहे. त्यासाठी बुलढाण्याला मैदानावर, म्हणजे ‘ग्राउंड’ला, आठशे मीटर पळून दाखवावं लागतं. मागच्या वर्षी ती तिथे मध्येच खाली बसली होती. हे माझ्या जन्माआधीचं, पण अंगातल्या सगळ्या पेशी ते एकमेकींना सांगत आल्या आहेत.

तुम्ही विचाराल, आत राहून हिला बाहेरचं कसं कळतं? अहो, मी मिनिटभरात सगळ्या अंगाला एक फेरी मारते. कानापाशी आले की दोन वाक्यं कानावर पडतात, डोळ्यापाशी आले की दिसतं, आणि मधलं जे सुटतं ते मागून येणाऱ्या जणी सांगतात. आम्ही लाखो कोटी आहोत. बातमी कुठेच अडत नाही.

माझा जन्म सोयाबीन निघाल्यावरच्या दिवसांत, मंजुश्रीच्या कमरेच्या हाडात झाला. हाडाच्या आत मज्जा असते, तोच आमचा कारखाना. तिथून बाहेर पडताना आम्ही एक गोष्ट करतो, ती ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. प्रत्येक पेशीला मध्यभागी एक केंद्रक असतं, तिचा सगळा कारभार तिथून चालतो. आम्ही ते केंद्रकच काढून टाकतो. का? तर आत जागा व्हावी म्हणून. आणि जागा कशाला, तर हिमोग्लोबिनला.

हिमोग्लोबिन म्हणजे आमच्या आतला तांबडा माल. आमचा रंग त्याचाच. एका धडधाकट पेशीत त्याचे सत्तावीस कोटी कण मावतात. प्रत्येक कणात लोहाचे चार अणू बसवलेले असतात. आपण घरी लोखंड म्हणतो ना, तेच. फुफ्फुसात गेलं की हा लोहाचा अणू प्राणवायूला धरतो आणि पोटरीत, मांडीत, मेंदूत गेलं की सोडतो. धरायचं आणि सोडायचं, एवढंच आमचं काम. त्यात हुशारी काही नाही, पण लोहाशिवाय ते होत नाही.

आणि माझ्या वेळेला कारखान्यात लोहाचा खडखडाट! बाकी सगळा माल तयार, लोह मात्र नाही. मी थांबले, वाट पाहिली. शेवटी मागच्यांनी ढकललं, "चल, निघ तशीच." मग काय, निघाले तशीच. अंगाने बारीक, रंगाने फिकट, आतून अर्धी रिकामी. सगळ्यांत राग कशाचा आला सांगू? ज्या जागेसाठी मी माझं केंद्रक फेकलं, ती जागा अर्धी मोकळीच राहिली.

पहिल्याच फेरीला हृदयाने मला पाहिलं आणि ते वैतागलं.

"पुन्हा अर्धी रिकामीच आली का वं?"

ते बिचारं आधीच धपापत होतं. प्रत्येक पेशी अर्धं ओझं आणत असेल तर फेऱ्या दुप्पट माराव्या लागतात, आणि आम्हाला ढकलणारं तेच. मंजुश्री दोन घागरी उचलून आणायची आणि तिची छाती धडधडायची. जिन्याच्या चार पायऱ्या चढली की डोळ्यांपुढे काजवे. आणि एक विचित्र खोड तिला लागली होती. येता-जाता डब्यातले कच्चे तांदूळ मूठभर घ्यायचे आणि कडाकड चावायचे. लोह कमी पडलं की काही जणांना अशा भलत्याच गोष्टी खाव्याशा वाटतात. शरीर आपल्या परीने ओरडत असतं. ऐकतं कोण?

शाळेमागच्या मोकळ्या जागेत हर्षल नावाचा मुलगा गावातल्या पोरापोरींकडून भरतीची तयारी करून घ्यायचा. त्याने चुन्याने दोनशे मीटरचं रिंगण आखलं होतं. चार चकरा म्हणजे आठशे. मंजुश्री पहिल्या दोन चकरांत सगळ्यांच्या पुढे असायची. पाय लांब, पळणं सरळ. तिसऱ्या चकरेत पोटऱ्या बोंबलायला लागायच्या, "प्राणवायू आणा, प्राणवायू आणा!" आम्ही धावत फुफ्फुसात जायचो, धावत परत यायचो, आणि हातात असायचं काय? निम्मं. चौथ्या चकरेत ती चालायला लागायची आणि शेवटी गुडघ्यांवर हात ठेवून वाकायची.

"तीन चाळीस," हर्षल हातातलं घड्याळ बघून म्हणायचा. "मंजू, तीनच्या आत आली तर काही आशा हाय. दोन चकरा झाल्या की तुले होते काय?"

"दम लागते दादा."

"दम साऱ्यायलेच लागते. तुह्या अंगात आळस भरला, दुसरं काही नाही."

आळस! मित्रांनो, तेव्हा मी तिच्या कानाच्या पाळीतच होते. पाळी रागाने गरम झाली, त्यात थोडा वाटा माझाही होता. अरे शहाण्या, ती पोरगी निम्म्या रक्तावर तुझ्या दोन चकरा मारते आहे, त्याचं कौतुक कर की! पण माझा आवाज त्याच्यापर्यंत जाणार कसा? आणि दुःख हे, की मंजुश्रीला ते खरं वाटलं. घरी येऊन ती आईला म्हणाली, "आई, या वेळच्या ग्राउंडले नाही झालं ना, तर मी सोडून देते सारं. हॉटेलवर बसते तुह्यासंगं. माह्यात दमच नाही."

जनकाबाईने कपबशा विसळता विसळता तिच्याकडे पाहिलं. "असं बोलू नये वं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती लेकीला बिटाचा रस द्यायला लागली. का, तर बीट लाल असतं. बीट चांगलंच असतं हो, पण लाल दिसतं म्हणून त्याचं रक्त होत नाही. बरं, स्वतः रस पिईल ती जनकाबाई कसली? उरलेला चोथा तेवढा खायची.

मग एक दिवस घरोघरी आरोग्याची चौकशी करणाऱ्या गावच्या आशा सेविका कोकिळाताई हॉटेलात चहाला आल्या. त्यांनी मंजुश्रीची खालची पापणी अंगठ्याने हळूच ओढली. नेमकी मी त्याच पापणीत होते. बाहेरचा उजेड भसकन अंगावर आला आणि समोर कोकिळाताईंचा मोठा चेहरा.

"आतून पांढरीफट झाली वं ही पोट्टी," त्या म्हणाल्या. "उद्या आरोग्य केंद्रात ये."

आरोग्य केंद्रात सिस्टरने बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. माझ्या बाजूने पळणारी मैत्रीण त्या थेंबात गेली ती गेलीच. मशीनवर हिमोग्लोबिनचा आकडा आला, आठ पूर्णांक दोन. बाईमाणसात बाराच्या वर पाहिजे. सिस्टरने लाल गोळ्यांची पाकिटं दिली. लोहाच्या गोळ्या! आम्ही सगळ्या जणी आनंदाने उड्या मारायच्या बाकी होतो. कारखान्यात निरोप गेला, माल येतोय, तयार राहा.

पहिल्या दिवशी गोळी आली. रिकाम्या पोटी, कपभर चहाबरोबर. चहातल्या तुरटपणाने लोहाला आतड्यातच असं धरून ठेवलं की कारखान्यात पोचलं ते नावापुरतं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मंजुश्रीला मळमळलं, आणि संडासला काळं झालं. ती घाबरून आईला सांगायला गेली आणि आई तिच्या दुप्पट घाबरली.

"पोट जळून राह्यलं आतून! बंद कर त्या गोळ्या. आन इकडं, मी ठेवते."

झालं! चौथ्या दिवशी गोळी नाही. पाचव्या दिवशी नाही. कारखान्यात नव्या पेशी रांगेत उभ्या राहून माझ्यासारख्याच अर्ध्या बाहेर पडत होत्या. कोकिळाताई रस्त्यात भेटायच्या आणि विचारायच्या, "गोळ्या घेऊन राह्यली ना?" आणि मंजुश्री सांगायची, "हाव ताई, रोज." एकदा मी तिच्या जिभेतच होते तेव्हा. मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू!

पाच आठवड्यांनी पुन्हा सुई टोचली. सात पूर्णांक नऊ. सिस्टर बुचकळ्यात पडली. "रोज गोळी घेऊन कमी झालं? मग दुसरं काही असेल. बुलढाण्याला मोठ्या दवाखान्यात दाखवा." ग्राउंड आता दोन-अडीच महिन्यांवर आलं होतं. मंजुश्री घरी आली आणि तिने पळायचे बूट खाटेखाली सरकवून दिले. त्यानंतर दोन दिवस ती मैदानावर गेली नाही. आई विचारायची तर म्हणायची, पाय दुखतो. पायाला काही झालेलं नव्हतं.

आता पुढचं नीट ऐका. तिसऱ्या दिवशी, सिस्टरकडून आकडा कळल्यावर, कोकिळाताई घाबऱ्याघुबऱ्या हॉटेलवर आल्या. मंजुश्री तिथेच होती. बाकड्यावर बसल्या, पदराने घाम पुसला, आणि त्यांची नजर दारातल्या कढीपत्त्यावर गेली. तेलाच्या जुन्या डब्यात लावलेलं ते झाड जनकाबाईचा जीव की प्राण. पोह्यांवर फोडणी द्यायला त्याचीच पानं, आणि गिऱ्हाईकं पोह्यांचं नाव घ्यायची ती त्या वासाने.

"काय वं माय, काय हिरवागार झाला हा! माह्या दारचा तर पिवळा पडून राह्यला. काय टाकता याले?"

जनकाबाई खूश झाली. तिचं कौतुक करणारं कोण असतं एरवी? ती चहा गाळता गाळता म्हणाली, "काही नाही वं ताई. दर सोमवारी दोन लाल गोळ्या पुरते बुडाशी. शेजारच्या अन्नपूर्णाबाईनं सांगतलं मले, पान काळंभोर होते म्हणे."

कोकिळाताईंचा हात कपाकडे गेला होता, तो तिथेच थांबला.

"कोणत्या लाल गोळ्या?"

"त्याच वं, मंजूच्या. तिले सोसत नव्हत्या. सरकारनं देल्लेल्या, फेकायच्या कशा?"

कोकिळाताईंनी कपाळावर हात मारला. मी मंजुश्रीच्या डोळ्यातून बघत होते. मला हात असता तर मीही मारला असता. पाच आठवडे! पाच आठवडे नव्या पेशी मज्जेत वाट बघत होत्या, आणि आमचं लोह कढीपत्ता खात होता!

"जनकाबाई, तुमच्या लेकीचं रक्त आठच्या खाली आलं, ती धावताना पडून राह्यली, आन तुम्ही झाडाले गोळ्या चारून राह्यल्या?"

यावर जनकाबाईने जे उत्तर दिलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. तसे माझे फार दिवस उरलेले नाहीत, पण तरी.

"वाया कुठं घातल्या मी?" ती कळवळून म्हणाली. "त्या झाडाची पानं पोह्यात टाकते, ते पोहे मंजू रोज खाते. झाडात गेलं ते फिरून तिच्याच पोटात येईन ना! आन पोटही जळणार नाही."

अगं माझे माये! ती पानं तर तुझी लेक ताटाच्या कडेला काढून ठेवते! मी रोज बघते. आणि खाल्ली असती तरी गोळीचं काम पानाने होतं का? पण खरं सांगू, त्या बाईला ओरडायला माझं मन झालं नाही. तिने गोळ्या टाकाऊ समजून फेकल्या नव्हत्या. लेकीच्या पोटात लोह कसं जावं याचा तिने तिच्या परीने रस्ता काढला होता, फक्त तो रस्ता कुठेच पोचत नव्हता.

जनकाबाई रडायला लागली. मग एकदम उठली, डब्यातून गोळी काढली, लेकीच्या हातात ठेवली. "घे. आत्ताच्या आत्ता घे, ताईच्या समोर." आणि दुसऱ्या हातात काय दिलं? कोरा चहा!

"थांबाऽऽ!" कोकिळाताई अशा ओरडल्या की बाहेरचं गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. त्यांनी कप काढून घेतला. "चहासंग नाही घ्यायची माय! चहा लोखंडाले अडवते. गोळीच्या आधी तासभर नाही, नंतर तासभर नाही."

"माह्या हॉटेलात चहाबिगर दुसरं काय हाय?"

"पोह्यावर पिळायले लिंबू हाय ना? जेवण झालं की लिंबू-पाण्यासंग घ्यायची. काळं झालं तर भ्यायचं नाही, ते लोखंडानंच होते. मळमळली तर मले सांगायचं, झाडाले नाही."

लिंबू! तीन हातांवर टोपली भरून लिंबं पडली होती, जनकाबाई ती रोज गिऱ्हाईकांना कापून देत होती. मी तर हातच टेकले. कोकिळाताई मंजुश्रीला म्हणाल्या, "तू खोटं बोलली, त्यानं सिस्टर भलतंच काही शोधायले निघाली होती. तुह्यात दम नाही असं कोणी म्हटलं? दम कुंडीत हाय तुह्या." मंजुश्री आधी हसली आणि मग आईच्या गळ्यात पडून रडली. निघताना कोकिळाताईंनी जनकाबाईच्याही हातात गोळ्यांची पाकिटं ठेवली. "तुम्हीही घ्या. तुमचाही चेहरा मले बरा दिसत नाही." जनकाबाई म्हणाली, "मले काय धाड भरली?" तरी पाकिटं तिने पदरात बांधली.

त्या दिवसापासून खरा माल यायला लागला. कारखान्यातून नव्या पेशी निघू लागल्या, भरलेल्या, लालभडक, गुबगुबीत. मला त्यांचा हेवा वाटायचा, खोटं कशाला बोलू? आम्हाला एकदा मज्जेतून बाहेर पडलं की भर घालता येत नाही. मी अर्धी निघाले ती अर्धीच राहणार होते. पण बाजूने भरलेली पेशी गेली की मला बळ यायचं. हृदयाचं धपापणं कमी झालं. तांदळाच्या डब्याकडे मंजुश्रीचा हात जाईनासा झाला. बूट खाटेखालून बाहेर आले. तीन तीस, तीन अठरा, तीन सात. हर्षल घड्याळ हलवून बघायला लागला, बंद पडलं की काय म्हणून. मग एक दिवस तो म्हणाला, "मंजू, मी तुले आळशी म्हटलं होतं ते सोड." माफी मागायची पद्धत बघा! शेवटच्या तपासणीत आकडा आला अकरा पूर्णांक सहा.

एकच गोष्ट मला खटकत होती. मंजुश्रीच्या गोळ्या मंजुश्रीच्या पोटात जात होत्या, आणि कढीपत्ता तरी तितकाच काळाभोर होता. असेल शेणखताचा गुण, म्हणून मी सोडून दिलं. इथे मी चुकले.

आणि काल तो दिवस आला. जनकाबाईने हॉटेलला कुलूप लावलं, थर्मास भरला, आणि मायलेकी एसटीने बुलढाण्याला गेल्या. मी एकशे अठरा दिवसांची, अंगाने कडक झालेली. सकाळीच प्लीहेच्या फटीतून जाताना मी अडकले होते. तिथल्या राखणदाराने मला धरलंच होतं. मी म्हटलं, "बाबा रे, आजचा दिवस जाऊ दे. उद्या मी आपण होऊन येते." त्याला काय वाटलं कोण जाणे, सोडलं.

शिट्टी झाली. पळताना माझी फेरी वीस सेकंदांत होते. पहिल्या दोन फेऱ्यांत मंजुश्री घोळक्यात होती. चौथ्या फेरीला इथलं चारशे मीटरचं पहिलं रिंगण संपलं आणि पोटऱ्यांची हाक आली. तीच जुनी हाक, जिच्यापुढे आम्ही नेहमी हरायचो. फुफ्फुसात नुसती धांदल उडाली. भरलेल्या पेशी ओझं उचलून सुसाट सुटत होत्या आणि त्यांच्यामधून मीही माझं निम्मं घेऊन पळत होते. सहाव्या फेरीला मी डोळ्यापाशी आले तेव्हा पुढे चारच मुली दिसल्या. सातव्याला तीन. तिचे पाय थांबले नाहीत! मागच्या वर्षी ती जिथे खाली बसली होती ती जागा आली आणि मागे गेली. नवव्या फेरीला मी पोटरीत शिरले, एका केसाहून बारीक नळीतून अंग दुमडून गेले, आणि माझ्याकडे होता नव्हता तेवढा प्राणवायू तिथे ओतला. बाहेर आले तोवर ती रेघेपलीकडे होती.

"दोन छप्पन्न," कुणीतरी ओरडलं. ते मी कानाने ऐकलं, म्हणजे तिच्या.

लेखी परीक्षा अजून आहे, यादी लागायची आहे. पण ग्राउंड तिने मारलं. दम होता तिच्यात, पहिल्यापासून होता. मी त्या क्षणाला सुखाने मेले असते, मित्रांनो. मग माझं डोकं तापायचं काय कारण? सांगते.

जनकाबाई फाटकाजवळून मैदान ओलांडून लेकीकडे आली. पळत नाही, चालतच. आणि येऊन पायरीवर बसली. छातीवर हात, ओठ फिके, श्वास वर लागलेला. आठशे मीटर पळून आलेली लेक उभी होती आणि शंभर पावलं चालून आलेली आई धापा टाकत होती. जरा वेळाने तिने थर्मास उघडला. "घे वं माय, चहा घे."

मंजुश्रीने चहा घेतला नाही. ती आईसमोर उकिडवी बसली आणि कोकिळाताईंनी केलं होतं तसं अंगठ्याने तिची खालची पापणी ओढली. मी डोळ्यातून पाहिलं. आतून पांढरी, धुतलेल्या तांदळासारखी.

"आई, तुह्या गोळ्या कुठं हाय?"

जनकाबाई थर्मासचं झाकण फिरवत बसली.

"आई, कढीपत्ता अजून हिरवा काऊन हाय?"

"आता तू तुह्या गोळ्या खायले लागली," जनकाबाई खाली बघत म्हणाली, "मंग झाडाले काय टाकू वं? पानाले वास नाही राह्यला तर पोहे कोण खाईन? आन मले काय करायचं, मले कुठं पळायचं हाय?"

मले कुठं पळायचं हाय! अहो बाई, पहाटेपासून संध्याकाळपर्यंत तुम्ही दुसरं करता काय? शेगडीपाशी, पाण्यापाशी, बाकड्यापाशी, सगळ्यांच्या मागून जेवायला बसेपर्यंत तुमचं पळणंच चाललेलं असतं. त्याला शिट्टी नाही आणि घड्याळ नाही म्हणून ते पळणं नव्हे का? मी इतकी संतापले की मंजुश्रीच्या डोळ्यातून पाणीच आलं. ते माझ्यामुळे आलं की तिचं तिला आलं, मला सांगता येत नाही. तिने थर्मासचं झाकण आईच्या हातातून घेऊन लावलं. "घरी गेलो की माह्यासमोर जेवायचं, माह्यासमोर गोळी," ती म्हणाली. "झाडाले शेणखत आणते मी." एसटीत लेकीच्या खांद्यावर डोकं ठेवून जनकाबाई साखरखेर्डा येईपर्यंत झोपली.

बरं, माझा नंबर आला. राखणदार हाक मारतो आहे. मला भीती नाही. मला मोडतील, पण माझ्यातलं लोह कोणी फेकणार नाही. ते काढून मज्जेत पाठवतील आणि एखाद्या नव्या पेशीत बसवतील. ती पुरी भरून बाहेर पडेल. मंजुश्रीच्या अंगात असा एक कणही वाया जात नाही. पण त्यातला एकही कण मला जनकाबाईकडे नेता येत नाही, कारण एका माणसातून दुसऱ्या माणसात जायची आम्हाला वाट नाही.

तुम्हाला आहे, मित्रांनो. तुम्हाला हात आहेत. आज घरी गेलात की आई जिथे कुठे काम करत असेल तिथे जा, तिला दोन मिनिटं खाली बसवा आणि तिची खालची पापणी हळूच ओढून बघा. ती म्हणेल, मला काय झालंय? म्हणू द्या. आत लाल दिसलं तर ठीकच आहे. पांढरं दिसलं तर आधी तिला दवाखान्यात न्या, आणि जाता जाता दारातल्या कढीपत्त्याची माती उकरून बघा.